सहाव्या क्रमांकाची बचत

६ जानेवारी

विहीणबाईंना नमस्कार,

तुम्ही बुधवारी गेलात, मी गुरुवारी आले. सहा वर्षं आपलं हेच चाललंय. पोरांच्या घरात पडद्यामागे एकच खाट, तिच्यावर एकच आजी मावते. म्हणून तीन महिने तुम्ही, तीन महिने मी. लग्नात भेटलो तेवढ्याच. बाकी जे काय बोलायचं ते कागदावर. माझी शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा अक्षराला हसू नका. मोठं काढलंय, वाचायला सोपं जाईल.

आधी तक्रारी. साखरेचा डबा वरच्या फळीवर ठेवलात तो कुणासाठी? इथे जिराफ येतो का चहाला? आणि औषधांच्या बाटल्यांना मी दोरे बांधले होते ते कुठे गेले? तापाच्या औषधाला लाल, धाकट्या ढब्बूच्या ताकदीच्या थेंबांना पांढरा. एवढं साधं होतं. तुम्ही दोरे काढून निळ्या शाईच्या चिठ्ठ्या चिकटवल्यात. छान आहेत चिठ्ठ्या. असोत.

पण मी लिहायला बसले ते यासाठी नाही. फ्रिजवर एक कागद लावलाय तो तुम्ही पाहिलात का? लेकीच्या इस्पितळात कामावरच्या लोकांसाठी दर महिन्याला पत्रक निघतं ना, त्याचंच पान. वर ठळक लिहिलंय, ‘धावपळीतल्या आईबापांसाठी: सोयी आणि बचत’. मी सावकाश वाचते, म्हणून मला नीट कळतं. पहिलं, महिनाअखेरीला नॅपीचे मोठे गठ्ठे स्वस्त मिळतात ते दुकान. दुसरं, रविवारी आठवड्याची भाजी चिरून ठेवा. तिसरं, शाळेचे कपडे दोन मापं मोठे घ्या. हे लिहिणाऱ्याला माझ्यासमोर आणा. चाळीस वर्षं मी कपडे उसवून शिवलेत. मोठा कपडा घेतला की पोर वर्षभर पोत्यात फिरतं आणि अंगाला बसेपर्यंत त्याचा रंग उडालेला असतो. मापाचा घ्यायचा आणि आत चार बोटं दुमड ठेवायची, दरवर्षी एकेक बोट सोडायचं. चौथं मात्र खरोखर कामाचं आहे. वाचनालयात एक कपाट ठेवलंय, लहान झालेले बूट तिथे ठेवायचे, मोठे घेऊन जायचे. थोरल्या नातीला मी कालच आणले, तळ सुद्धा झिजलेला नाही. पाचवं, दुपारी दोननंतर पोहण्याच्या तलावावर मुलांना फुकट.

आणि सहावं ऐका. ‘दोन आज्या, आळीपाळीने. पाळणाघराचा खर्च शून्य.’

खाली माझ्या लेकीचं नाव. आणि पुढे लिहिलंय की ही या महिन्याची सर्वांत उत्तम सूचना ठरली, बक्षीस म्हणून भांडी घासायच्या साबणाचा मोठा डबा.

विहीणबाई, तो डबा इथे बेसिनखाली आहे. मी रोज त्याच्याच साबणाने भांडी घासते आहे.

तुम्हाला हे माहीत होतं का, तेवढंच कळवा.

तुमच्या सुनेची आई


१४ जानेवारी

प्रिय विहीणबाई,

पत्र मिळालं. साखरेचा डबा वर ठेवला कारण थोरली येता-जाता बोटं बुडवते. दोऱ्यांबद्दल क्षमा करा, मला वाटलं कुणीतरी खेळताना गुंडाळलेत. पोस्टाच्या खिडकीत तीस वर्षं काढली, त्यामुळे प्रत्येक वस्तूवर नाव लिहिलेलं असलं की मला बरं वाटतं.

पत्रकाचं म्हणाल तर हो, मला माहीत होतं. सूनबाईने छापायला देण्याआधी मला दाखवलं होतं. तिने ‘आळीपाळी’ चुकीचं लिहिलं होतं, ते मी दुरुस्त केलं.

तुम्ही मनाला लावून घेऊ नका. त्या दोघांकडे पाहा तरी. ही बारा-बारा तास रुग्णांच्या खाटांमधून धावते, हा त्याच इस्पितळाची रुग्णवाहिका घेऊन भलत्या वेळी घराबाहेर. घरी येतात तेव्हा डोळे मिटलेले असतात. तिने कौतुकाने लिहिलं, आपला अपमान करायला नव्हे. तरुण माणसं शब्दांचा विचार करत नाहीत. आपण मोठ्या आहोत, आपण सोडून द्यावं.

इकडे सगळं ठीक. सकाळी जरा कामं असतात, दुपारी वाचन. ढब्बूचा चौथा दात आला का?

तुमच्या जावयाची आई


२३ जानेवारी

विहीणबाई,

शुद्धलेखन तपासलंत! घरावर दरोडा घालायला आलेल्याला तुम्ही म्हणाल, जरा चपला पुसून या. माझं नाव नॅपीच्या यादीत गेलं आणि तुम्ही वेलांटी बघत बसलात!

मी सोडून देणारच होते. खरंच. पण पत्रक फक्त आपल्याच फ्रिजवर नाही ना. परवा लेकीबरोबर रक्त तपासणाऱ्या खोलीतली एक बाई घरी आली. कडेवर दोन वर्षांची मुलगी. दारातच म्हणाली, “तुम्हीच का त्या आजी? काय सुंदर कल्पना आहे हो! आमच्याकडे दोन्ही बाजूंनी आज्याच नाहीत.”

मी म्हटलं, “मग काय करू, विणून देऊ?”

ती हसली. लेक हसली नाही, ती माझ्याकडे न बघता चहा ओतत होती. तेव्हाच मला शंका आली. आणि ही बाई म्हणते, “फक्त मंगळवार हो आजी. मंगळवारी मला दुसरं कुणीच मिळत नाही.”

ती गेल्यावर मी लेकीला विचारलं, “तू हिला हो म्हणून बसलीस?”

“एक मंगळवारच तर आहे, आई. तुला ढब्बूला बघायचंच असतं, त्यात अजून एक.”

“मला विचारलंस?”

“तू नाही म्हणणार नाहीस हे माहीत होतं.”

बघितलंत? विचारायचं नाही, कारण उत्तर माहीत आहे. दुकानातल्या वजनकाट्याला कुणी विचारतं का, आज तोलशील का म्हणून? काल मंगळवार झाला. ती पोर पडद्याला लटकते. ढब्बूने तिला चावलं, चार दातांनी. हो, आला चौथा. तिने ढब्बूच्या डोक्यात चमचा घातला. थोरली शाळेतून आली आणि दोघांवर ओरडली. मी तिघांवर ओरडले. रक्तवाली बाई संध्याकाळी येऊन म्हणाली, “किती शांत झोपलीय!” झोपेल नाही तर काय, दिवसभर लढाई केलीय तिने.

आता एक गोष्ट सांगते, ती तुम्हाला कुणी सांगितलेली नसणार. माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. उजवा तर पुरता पिकलाय. गेल्या वर्षी ऑपरेशन ठरलं होतं, तेव्हा ढब्बू पोटात होता म्हणून पुढे ढकललं. आता माझ्या गावच्या डॉक्टरांनी १९ फेब्रुवारीची तारीख दिलीय. ती मी लेकीला आल्या आल्या सांगितली. माझी लेक, स्वतः नर्स, मला काय म्हणाली माहीत आहे? “मोतीबिंदूचं काही घाईचं नसतं, आई. एप्रिलमध्ये सासूबाई आल्या की कर.” दुसऱ्यांच्या आयांची ऑपरेशनं वेळेवर व्हावीत म्हणून ही बारा तास उभी असते. माझा डोळा मात्र मोकळ्या खाटेची वाट बघणार.

म्हणून मागणं एकच. तुम्ही दीड महिना लवकर या. १७ तारखेला आलात तरी चालेल. पुढची पाळी मी लांबवून देईन.

तुमच्या सुनेची आई


३० जानेवारी

प्रिय विहीणबाई,

डोळ्याचं वाचून वाईट वाटलं. पण फेब्रुवारीत येणं मला जमणार नाही. थोडी अडचण आहे. कृपया आग्रह करू नये.

सोबत तुमच्या भागातल्या पाळणाघरांची यादी आणि एका ठिकाणचं पहिल्या महिन्याचं सवलतीचं कूपन पाठवत आहे. कदाचित उपयोगी पडेल.

तुमच्या जावयाची आई


४ फेब्रुवारी

विहीणबाई,

कूपन मिळालं. वा! मी डोळा मागितला, तुम्ही कूपन पाठवलंत. पत्रकात सातव्या क्रमांकावर तुमचंही घालायला सांगते.

‘थोडी अडचण.’ कसली अडचण? तुम्हाला नाही मोतीबिंदू, नाही सांधेदुखी, तुमचा दुसरा लेक शेजारच्याच इमारतीत, सून हातात चहा आणून देते. दुपारी वाचन असतं! मला कुणी दुपारी वाचन दिलं असतं तर मी तिसरीत थांबले नसते. मुलाकडच्या आहात म्हणून मी सहा वर्षं तुमच्यापुढे एक पायरी खाली उभी राहिले. सणवार असो, पाहुणे असोत, तुम्हाला सुट्टी हवी तेव्हा माझी पाळी लांबली. मी कधी कारण विचारलं नाही. एकदा मी मागितलं तर आग्रह करू नये!

आता ऐकाच. हे मी घरात कुणालाही सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नव्हते.

शनिवारी सकाळी ढब्बूला ताकदीचे थेंब द्यायचे होते. दोन्ही बाटल्या सारख्या, तपकिरी. चिठ्ठ्या तुमच्या, सुंदर निळ्या. माझ्या डोळ्याला निळं म्हणजे नुसता डाग. खिडकीशी नेलं, तिरकं धरलं, आणि वाटलं हीच. चमचा भरला. मांडीवर तो तोंड उघडून बसलेला. थोरली बूट घालत होती, ती एकदम किंचाळली, “आजी, ती तापाची आहे!”

चमचा तसाच हातात राहिला. तापाचं औषध, भरलेला चमचा, ताप नसलेल्या पोराला. आणि त्या आधी कितीदा असं झालं असेल, ते मला ठाऊक नाही. त्या दिवशी बरोबर झालं कारण सात वर्षांची पोर बूट घालायला तिथेच बसली होती, एवढंच.

चाळीस वर्षं मी सुईत दोरा ओवला. आता माझ्या हातात मूल देऊ नये अशी माझी दशा आहे, आणि हे कुणाला सांगावं तर मला लाज वाटते. पण संताप त्याहून जास्त आहे. मी तारीख सांगितली होती. सगळ्यांना सांगितली होती.

येत नसाल तर कारण लिहा. खरं कारण. नाही तर पुन्हा पत्र पाठवू नका.

तुमच्या सुनेची आई


९ फेब्रुवारी

प्रिय विहीणबाई,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुमचे दोरे मी कचऱ्यात टाकले. माझ्या सुंदर अक्षरापायी.

खरं कारण लिहिते. माझ्या दोन्ही मुलांना हे माहीत नाही.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर पाळणाघर आहे. ७ जानेवारीपासून मी तिथे कामाला जाते. सकाळी आठ ते एक. नऊ मुलं, त्यातली चार माझ्याकडे. ‘सकाळी जरा कामं असतात’ असं मी लिहिलं होतं ते हेच. महिनाअखेरीला चालकबाईंनी माझ्या हातात पाकीट ठेवलं. विहीणबाई, मी पोस्टात तीस वर्षं पगार घेतला, पण या पाकिटाने मला रडू आलं. सहा वर्षं मी हेच काम केलं, हेच शी-शू, हेच भरवणं, हेच झोपवणं, आणि त्याचा आकडा शून्य लिहिलेला मी स्वतःच्या हाताने तपासून दिला. इथे मला बसायला खुर्ची आहे. अकरा वाजता दहा मिनिटं चहाची सुट्टी आहे. त्या दहा मिनिटांत एखादं मूल रडलं तर दुसरी बाई उठते. एकीच्या जिवावर चाललेलं नाही.

मार्चअखेरपर्यंत मी थांबेन असा शब्द दिलाय. पण खरं सांगायचं तर एप्रिलमध्येही मला तुमच्या पडद्यामागे यायचं नाही. मुलाला हे सांगायची हिंमत होत नाही. तो म्हणेल, आई म्हातारपणी परक्यांची मुलं सांभाळते आणि माझी नाही. लोक म्हणतील, लेकांनी आईला कामाला लावलं. म्हणून लपवलं. आणि तुम्हाला शहाणपण शिकवत राहिले, सोडून द्या, तरुण आहेत. मीच सोडून आले होते, तुमच्या गळ्यात.

ते कूपन आमच्या चालकबाईंनी दिलं होतं. त्यांच्या बहिणीचं पाळणाघर तुमच्या लेकीच्या घरापासून दोन चौक दूर आहे. चांगलं आहे. मला दुसरं काही सुचलं नाही.

तुम्ही ठरलेल्या दिवशी निघा. मी येऊ शकत नाही, पण तुम्ही थांबू नका. दोन-तीन दिवसांत हिंमत करून मी मुलाला फोन करते.

तुमच्या जावयाची आई


६ मार्च

विहीणबाई,

हे मी उजव्या डोळ्याने लिहिते आहे. डाव्याची पाळी मे महिन्यात. भिंतींना एवढे डाग होते हे मला माहीतच नव्हतं. आरशात बघितलं, तेही माहीत नव्हतं.

आता सगळं सांगते. तुमचं पत्र आलं तो मंगळवार होता, ती पडद्याला लटकणारी इथेच. मी वाचलं आणि आधी तुमच्यावर इतकी चिडले की एकटीच मोठ्याने बोलले, “खुर्ची! हिला खुर्ची!” मग हसायला आलं. मग पुन्हा राग आला, पण या वेळी तुमचा नाही.

लेक दुपारी ड्यूटीवरून आली. पाय टबात बुडवून बसली होती. मी बाटल्या आणून तिच्यासमोर ठेवल्या आणि शनिवारचं सांगितलं. चमच्यासकट सगळं. तिने आधी धावत जाऊन ढब्बूला उचललं, त्याच्या पापण्या ओढून बघितल्या, जसा काही तो आत्ता प्यायलाय. मग माझ्यावर ओरडली, “आधी का नाही सांगितलंस?”

“सांगितलं असतं तर मला हाकललं असतंस. आणि हाकलायलाच हवं होतं. ती चूक माझी. पण तारीख मी सांगितली होती, ती चूक तुझी.”

“मला वाटलं, थोडे दिवस...”

“तू नर्स आहेस ना गं? दुसरीची आई असती तर काय सांगितलं असतंस?”

ती रडत म्हणाली, “ते पत्रकातलं मी कौतुकाने लिहिलं होतं, आई.”

“नॅपीच्या शेजारी?”

“मग मी काय करू? सांग ना! सुट्टी मिळत नाही, पाळणाघर परवडत नाही, हा दिवस-रात्र गाडीवर. तू सांग, काय करू?”

विहीणबाई, इथे मी विरघळणार होते. तिचे पाय सुजले होते. मीच दिलेत ते पाय. पण नाही विरघळले. म्हटलं, “ते तुझ्या इस्पितळाला विचार. नऊशे माणसं कामाला, त्यात किती आया? त्यांना एक पाळणाघर उघडता येत नाही, पत्रक छापता येतं. पत्रकाला एक रीम कागद आणि साबणाचा डबा लागतो. ते आपलं काम तुमच्याकडून करून घेतात, तुम्ही आमच्याकडून, आणि वर बक्षीस देतात!”

तेवढ्यात तुमचा लेक आला. तुमचा फोन त्याला रस्त्यातच आला होता. आमच्यासमोर तो पुन्हा तुमच्याशी बोलला, म्हणजे तुम्ही बोललात आणि तो भिंतीकडे बघत उभा. मला वाटलं आता भडका उडणार. शेवटी म्हणाला, “आई, तिथे तुला बसायला खुर्ची देतात ना?” एवढंच विचारलं त्याने. मग फोन ठेवून बाथरूममध्ये गेला आणि नळ सोडला, बराच वेळ. वाईट नाही तुमचा मुलगा.

१७ तारखेला मी निघाले. तुमच्या लेकाने सहा वर्षांत पहिल्यांदा आठवड्याची रजा मागितली. साहेब म्हणाले, “घरी बाई नाही का?” तो म्हणाला, “आहे, ती तुमच्याकडेच कामाला आहे.” रजा मिळाली. आठवड्यानंतर ढब्बू त्या दोन चौकांवरच्या पाळणाघरात, तुमच्याच कूपनावर. पहिले तीन दिवस रडला, चौथ्या दिवशी दुसऱ्याला चावला, म्हणजे रुळला. महिना संपला की पैसे जड जाणार आहेत, ते दोघांना ठाऊक आहे. लेकीने आणि त्या रक्तवालीने मिळून अर्ज लिहिलाय, इस्पितळातच पाळणाघर हवं म्हणून. एकसष्ट सह्या. मोठे साहेब म्हणाले, विचार करतो. करू दे. त्यांच्या घरी आजी असणार.

रविवारी लेक मुलांना घेऊन माझ्याकडे आली. माझ्या डोळ्यावरचा काळा चष्मा बघून ढब्बूने भोकाड पसरलं आणि थोरलीने तो स्वतः लावून बघितला. लेकीने न सांगता माझी भांडी घासली. निघताना दाराशी घुटमळली. चपला घातल्या, काढल्या, परत घातल्या. मग म्हणाली, “आई, डावा डोळा झाला की, बरं वाटलं तर, येशील का तू? आठवड्यातले दोन दिवस. मंगळवार नाही. आणि नको असेल तर नको म्हण, खरंच.”

एवढी मोठी झाली, मला कधी काही विचारलं नव्हतं तिने. सांगायची.

मी म्हटलं, “विचार करून सांगते.”

ती जरा दचकलीच. तिला वाटलं असेल मी लगेच पिशवी भरेन. मी दार लावून घेतलं आणि चहा ठेवला.

आज चौथा दिवस आहे. मी अजून विचार करते आहे.

तुमच्या सुनेची आई